डिव्होर्स होऊन दोन वर्षं झाली, फ्लॅट आणि लोन अजून दोघांच्या नावावर. आता तो म्हणतो अर्धे पैसे दे

निळी_शाई:

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसती वाचत होते, आज लिहायची वेळ आली. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

पुण्यात पिंपळे सौदागरला आमचा टू बीएचके आहे, २०१४ ला ५८ लाखाला घेतला. ४६ लाख लोन, वरचे १२ आम्ही घातले, त्यातले ७ त्याचे आणि ५ माझे (म्हणजे थोडे बाबांनी दिलेले, थोडे पीएफचे). ॲग्रीमेंट दोघांच्या नावावर, लोन पण दोघांच्या नावावर, तो पहिला अर्जदार. २०१९ ला तो बंगलोरला गेला आणि तिकडचाच झाला, २०२३ ला शिवाजीनगर फॅमिली कोर्टात म्युच्युअलने डिव्होर्स झाला. तेव्हा दोघांनाही एकदाचं संपवायचं होतं त्यामुळे कन्सेंट टर्म्समध्ये (दोघांनी कोर्टात मान्य केलेल्या अटींमध्ये) फ्लॅटबद्दल एकच ओळ आहे, "सदर सदनिकेबाबत उभय पक्ष भविष्यात परस्पर सामंजस्याने निर्णय घेतील." झालं, संपलं.

२०१९ पासून हप्ता मी एकटी भरतेय, ४१ हजार चारशे. मेंटेनन्स, प्रॉपर्टी टॅक्स, मधे बाथरूमचं लीकेज निघालं ते काम, सगळं माझ्याच खात्यातून. आणि गंमत म्हणजे हप्ता कापला गेल्याचा मेसेज अजून त्याच्याच मोबाईलवर जातो. टॅक्ससाठी इंटरेस्ट सर्टिफिकेट काढायचं तर पहिल्या अर्जदाराचा ओटीपी लागतो, म्हणजे मी त्याला मेसेज करायचा, तो मीटिंगमध्ये असणार, त्याने ओटीपी पाठवेपर्यंत तो एक्सपायर, परत पहिल्यापासून. दर वर्षी हेच.

आता त्याला तिकडे घर घ्यायचंय आणि बँकेने सांगितलं तुमच्या नावावर आधीच एक होमलोन चालू आहे, त्यामुळे एलिजिबिलिटी कमी बसते. म्हणून इतक्या वर्षांनी फ्लॅट आठवला. म्हणतो आज ९५ लाखाला जातोय, अर्धे साडेसत्तेचाळीस दे नाहीतर विकू. लोन अजून ३० लाख बाकी आहे ते कोण फेडणार यावर गप्प. माझ्याकडे त्याचा २०२१ चा व्हॉट्सॲप मेसेज आहे, "घर तुझं आणि पिल्लूचं, मला काही नको", स्क्रीनशॉट जपून ठेवलाय. मुलगी आठवीत आहे, शाळा चालत पाच मिनिटांवर, तिची दहावी होईपर्यंत तरी मला हलायचं नाहीये. माझा इनहँड ८५ हजार, वय ४१. एका वकिलांना भेटले, ते म्हणाले पार्टिशन सूट (वाटणीचा दावा) टाकू. खरंच तोच मार्ग आहे का? कोणी यातून गेलंय का?

कट्ट्यावरचा_काका:

ताई, विकून मोकळ्या व्हा. दोघांची नावं एका कागदावर आहेत तोवर हा माणूस तुमच्या आयुष्यातून जात नाही. ९५ येतायत, ३० लोन फिटलं, ६५ उरले, वाटून घ्या, त्याच भागात भाड्याने घर घ्या, शाळाही बदलायला नको. घराचा मोह वाईट.

निळी_शाई:

काका तुमचं म्हणणं पटतं पण त्याच सोसायटीत टू बीएचकेचं भाडं आता ३२-३३ हजार आहे, दर अकरा महिन्यांनी वाढ आणि ब्रोकरेज वेगळं. त्यात आणखी थोडे घातले की हप्ताच होतो की. मोह आहेच, नाही म्हणत नाही.

हप्तेबाज:

मी बँकेत होमलोनला होतो बरीच वर्षं त्यामुळे मी फक्त पैशाचं बोलतो, कायद्याचं बाकीचे सांगतील.

पहिली गोष्ट, ९५ चे अर्धे हा हिशोबच चुकीचा आहे. घराची किंमत वाटायची नसते, घरातलं तुमचं काय उरलंय ते वाटायचं असतं. ९५ वजा ३०, उरले ६५. त्याचे अर्धे साडेबत्तीस. इथून पुढे घासाघीस.

आता तू जे सहा वर्षं हप्ते भरलेस ते. साधारण ३० लाख भरलेस तू, बरोबर? पण त्यातलं मुद्दल फार तर १० लाख कमी झालं असेल, बाकीचं सगळं व्याज. स्टेटमेंट काढून बघ, २०१९ ला ४०-४१ लाख बाकी दिसेल. तर १० लाख मुद्दल तू एकटीने फेडलंस, त्यातलं ५ त्याने फेडायला हवं होतं, ते वजा कर. व्याजाचे २० लाख पण अर्धे माग असं कोणीतरी सांगेल, पण मग समोरून उत्तर येणार की सहा वर्षं अख्ख्या घरात तू राहिलीस, माझ्या अर्ध्या भागाचं भाडं दे. व्याज आणि भाडं एकमेकांत वळतं करून टाका, सेटलमेंट बहुतेक अशीच होते आणि वेळ वाचतो. डाऊनपेमेंटमध्ये त्याचे ७ तुझे ५, म्हणजे त्याने २ जास्त घातले, त्याचा १ त्याला परत. साडेबत्तीस वजा ५ अधिक १, म्हणजे साडेअठ्ठावीस. हा आकडा घेऊन बोलायला बस. एका कागदावर लिहून समोर ठेव, तोंडी बोललीस की तो परत ९५ वर जाणार.

आता दुखरी बाजू. बाकी ३० आणि त्याला द्यायचे साडेअठ्ठावीस असं साडेअठ्ठावन्न लाखाचं लोन तुला एकटीला लागेल. साडेआठ टक्के, वीस वर्षं धरली तर लाखाला अंदाजे ८७० रुपये हप्ता, म्हणजे ५१ हजाराच्या आसपास. ८५ हजार पगारावर बँक साधारण निम्म्याच्या जरा पुढेपर्यंत हप्ता धरते, त्यात तुझं वय ४१, साठीपर्यंतच मुदत देतील. मला वाटतं ५२-५३ लाख बसतील. सहाएक लाख कुठून तरी उभे करावे लागतील किंवा त्याला सांग की एवढे दोन वर्षांत देते, पण ते लेखी.

आणि हे नीट ऐक, डिव्होर्सच्या डिक्रीत काहीही लिहिलेलं असो, बँकेला त्याच्याशी देणंघेणं नाही. जॉइंट लोन म्हणजे पूर्ण रकमेला दोघंही जबाबदार. तू एक हप्ता चुकवलास की त्याचा सिबिल पडणार आणि उलटही. आहे त्या बँकेला अर्ज करून त्याचं नाव काढता येतं पण ते तुझं एकटीचं इनकम नव्याने तपासणार, आणि जुनी बँक त्यात वेळ काढते कारण दोन देणेकऱ्यांतला एक सोडून तिला काय फायदा. त्यापेक्षा तुझ्या एकटीच्या नावावर दुसऱ्या बँकेत बॅलन्स ट्रान्स्फर अधिक टॉपअप (चालू लोन तिकडे हलवून वर जादा रक्कम) बघ. फ्लोटिंग रेट असेल तर प्रीपेमेंट पेनल्टी नसते. जुनं लोन फिटल्यावर ओरिजिनल कागद तीस दिवसांत परत द्यायचे असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, उशीर झाला तर दिवसाला ५ हजार भरपाई. हे काउंटरवर नुसतं बोलून दाखवलं तरी कागद सापडतात.

एक राहिलंच. घाई त्याला आहे, तुला नाही. त्याचं नवीन लोन अडलंय. उगाच घाबरून वकिलाकडे पळू नकोस.

अॅड_घाटपांढरी:

वरच्या हिशोबाशी सहमत. मी पुण्यात फॅमिली मॅटर्स करते, तुमचे कागद पाहिलेले नाहीत त्यामुळे हे साधारण समजून वाचा.

व्हॉट्सॲप मेसेजने घराची मालकी बदलत नाही. "मला काही नको" म्हणणं आणि हक्क सोडणं यात रजिस्टर्ड दस्त उभा आहे. तो स्क्रीनशॉट वाटाघाटीत उपयोगी पडेल, तेवढ्यापुरताच ठेवा. तसंच "हप्ते मी भरले म्हणून घर माझं" हेही टिकत नाही. दोघांची नावं आहेत आणि हिस्सा वेगळा लिहिलेला नाही तर आधी निम्मं निम्मं धरलं जातं, कोणी किती पैसे घातले याचा पुरावा आणला तर गणित बदलू शकतं. पण तो पुरावा तोही आणेल. २०१४ ते २०१९ हप्ते कोणाच्या खात्यातून गेले ते आधी तपासा.

पार्टिशन सूट हा मार्ग आहेच, आणि नवराबायकोमधला मालमत्तेचा वाद घटस्फोटानंतरही फॅमिली कोर्टात नेता येतो. पण टू बीएचकेचे दोन तुकडे होत नाहीत, शेवटी कोर्ट तरी काय करणार, एकाने दुसऱ्याचा हिस्सा घ्यायचा किंवा विकून पैसे वाटायचे. म्हणजे काही वर्षं तारखा करून तुम्ही आज ज्या टेबलावर बसणार आहात तिथेच येऊन बसणार. नोटीस पाठवा, बोलणी फिसकटली तर दावा, आधी नाही.

बोलणी जमली तर हक्कसोडपत्र करायचं, मोबदल्यासह. इथे लोक एक ऐकीव गोष्ट घेऊन येतात की हक्कसोडपत्राला नाममात्र स्टँप लागतो. ते वडिलोपार्जित मिळकतीत, जवळच्या नात्यात, विनामोबदला असेल तेव्हा. तुमचा फ्लॅट दोघांनी विकत घेतलेला आहे आणि तुम्ही आता नवराबायको नाही, त्यामुळे त्याच्या अर्ध्या हिश्शावर खरेदीखताच्या दराने स्टँप ड्युटी, पुण्यात सात टक्के. शिवाय रजिस्ट्रेशन, ते जास्तीत जास्त ३० हजार. हक्कसोडऐवजी त्याच्या हिश्शाचं खरेदीखत तुमच्या नावाने करायचं असेल तर महिलांना घरखरेदीत एक टक्का सवलत आहे, ती अशा हिश्शाला लावून देतात का हे दस्त लिहायच्या आधी दुय्यम निबंधक कार्यालयात विचारून घ्या.

आता जे बहुतेक जण विसरतात ते. दस्तात मोबदला नुसता साडेअठ्ठावीस लाख लिहू नका. त्याच्या वाट्याचं १५ लाखाचं कर्जही तुम्ही अंगावर घेताय, तोही मोबदलाच आहे, म्हणजे एकूण साडेत्रेचाळीस. रेडी रेकनरने (सरकारी दराने) फ्लॅट समजा ८० लाखाचा निघाला तर त्याचा हिस्सा ४० चा होतो, आणि दस्तात साडेअठ्ठावीसच दिसले तर इन्कम टॅक्स म्हणणार की कमी किमतीत दिलं, मग फरकावर दोघांनाही त्रास. नवराबायकोत ही अडचण नसते, माजी नवराबायकोत असते, कारण टॅक्सच्या कायद्यात माजी जोडीदार नातेवाईक धरत नाहीत. साडेत्रेचाळीसवर सात टक्के म्हणजे ३ लाखाच्या वर स्टँप जातो, तो कोण भरणार हेही आधीच ठरवा. माझा अनुभव, मोठ्या रकमेवर एकमत होतं आणि स्टँपवरून मोडतं.

तो कॅपिटल गेन्सची (विक्रीच्या नफ्यावरच्या टॅक्सची) भीती घालेल. त्याच्या हिश्शाची मूळ किंमत २९ लाख, पण २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेल्या घराला इंडेक्सेशन (महागाईप्रमाणे मूळ किंमत वाढवणं) धरून वीस टक्के किंवा न धरता साडेबारा, यातलं जे कमी ते निवडता येतं. इंडेक्सेशन धरलं (महागाईचा सरकारी निर्देशांक २०१४-१५ चा २४०, २०२५-२६ चा ३७६) तर २९ चे ४५ च्या वर जातात, म्हणजे त्याला टॅक्स बसतच नाही. त्याच्या सीएकडून खात्री करून घे म्हणावं.

निळी_शाई:

बापरे, एवढं तर फी घेऊन पण कोणी सांगितलं नाही. हप्तेबाज, स्टेटमेंट काढलं (हो, ओटीपी मागूनच 😑), मार्च २०१९ ला ४० लाख ८० हजार बाकी होतं. तुम्ही न बघता सांगितलंत!

दोन शंका. एक, आधी दस्त की आधी पैसे? तो म्हणतो पैसे आल्याशिवाय सही नाही, नवीन बँक म्हणते तुमच्या एकटीच्या नावावर झाल्याशिवाय पैसे नाही, आणि ओरिजिनल ॲग्रीमेंट जुन्या बँकेच्या लॉकरमध्ये. दोन, तो मुलीसाठी महिन्याला १५ हजार देतो, आता म्हणतोय ते बंद करतो आणि त्या बदल्यात ५ लाख कमी घेतो. घ्यावं का?

अॅड_घाटपांढरी:

दुसऱ्याचं उत्तर आधी देते, नाही. मुलीचा खर्च हा मुलीचा हक्क आहे, तुमचा नाही, तुम्ही तो फ्लॅटच्या सौद्यात सोडू शकत नाही आणि असं लिहून घेतलं तरी कोर्टापुढे ते टिकायचं नाही. दोन्ही कागद वेगळे ठेवा, एकाच मेसेजमध्ये सुद्धा दोन्ही विषय बोलू नका.

पहिल्यासाठी आधी दोघांमध्ये सेटलमेंटचा करार करून घ्या, रक्कम, तारखा, स्टँप कोणाचा, पैसे अडकले तर काय, सगळं. मग दस्ताचा मसुदा तीनही ठिकाणी आधी दाखवून मान्य करून घ्या, नवीन बँकेच्या वकिलाला खास करून.

हप्तेबाज:

हे रोजचं आहे, घाबरू नकोस. नवीन बँकेचं सँक्शन लेटर आधी घे. जुन्या बँकेकडून फोरक्लोजर लेटर (लोन पूर्ण फेडायला किती लागतील ते पत्र) आणि तिथे जमा असलेल्या कागदांची यादी घे, त्यावर हक्कसोडाला हरकत नाही असं पण लिहून घे. मग सह्यांच्या दिवशी नवीन बँकेचा माणूस दोन डीडी घेऊन येतो, एक जुन्या बँकेच्या नावाने, एक तुझ्या माजी नवऱ्याच्या नावाने. निबंधकाकडे अंगठा, फोटो झाला, पावती हातात आली की डीडी द्यायचे. त्याला त्या दिवशी स्वतः यावं लागेल, बंगलोरहून "मित्राला पाठवतो" चालणार नाही, मुखत्यारपत्र असलं तर वेगळं, पण ते बँकेचे वकील नाक मुरडतात. अंगठ्याचं मशीन बंद असणं, सर्व्हर डाऊन असणं हे गृहीत धर आणि त्याला परतीचं तिकीट रात्रीचं काढायला सांग.

सेक्रेटरी_तात्या:

सोसायटीचं कोणी बोललंच नाही म्हणून लिहितो, आमच्याकडे अशी दोन प्रकरणं झाली. सभासद डिक्रीची झेरॉक्स घेऊन येतात आणि म्हणतात नाव काढा. डिक्रीत फ्लॅट कोणाला हे लिहिलेलं नसेल तर आम्ही कसं काढणार. नोंदवलेला दस्त आणि इंडेक्स टू (त्या दस्ताच्या नोंदणीचा सरकारी उतारा) आणा, अर्ज, जुनं शेअर सर्टिफिकेट (ते बँकेत असतं, विसरू नका), मग कमिटीच्या मीटिंगमध्ये ठराव होऊन नाव कमी होतं. ट्रान्स्फर फी ५००. प्रीमियम मागितला तर २५ हजाराच्या वर कोणतीही सोसायटी मागू शकत नाही, डोनेशन, डेव्हलपमेंट फंड असल्या नावाखाली पण नाही. मेंटेनन्सची थकबाकी शून्य करून मगच अर्ज द्या म्हणजे कोणाला नाक वर करायला जागा नको.

आणि ताई, नॉमिनेशन फॉर्म बघा. नव्वद टक्के लोकांचा नॉमिनी माजी नवरा किंवा माजी बायकोच असते, कारण तो फॉर्म फ्लॅट घेतला त्या दिवशी भरलेला असतो आणि नंतर कोणी उघडत नाही. मुलगी अज्ञान आहे तर पालक म्हणून कोणाचं नाव घालायचं तेही विचार करून ठेवा. त्यानंतर महावितरणचं बिल, गॅसचं कनेक्शन, महापालिकेचा टॅक्स. लाईट बिल सगळ्यात सोपं, तिथून सुरू करा, बरं वाटतं.

एक_माजी:

दुसऱ्या बाजूचा माणूस म्हणून लिहितोय, शिव्या नंतर घाला. आमच्यात फ्लॅट तिच्याकडे गेला. मी पण आधी आजच्या भावाचे अर्धे असंच म्हणत होतो, त्यात लोभ कमी आणि राग जास्त होता. आमचं अडलं होतं ते किमतीवर, कारण तिने आणलेला एजंट कमी सांगायचा आणि माझा जास्त. शेवटी दोघांनी मिळून एक गव्हर्नमेंट अप्रूव्ह्ड व्हॅल्युअर ठरवला, फी अर्धी अर्धी, जो आकडा येईल तो मान्य असं ईमेलवर आधीच लिहून ठेवलं. आकडा आला तो माझ्यापेक्षा ६ लाख कमी होता, पण मग बोलायला काही उरलंच नाही. ९५ हा आकडा कुठून आला हे त्याला एकदा विचारा. बऱ्याचदा तो पोर्टलवरचा मागणीचा भाव असतो, त्या भावाला सौदा होत नाही.

आणि बोलणी फोनवर करू नका. ईमेलवर माणूस जरा तरी सभ्य असतो.

निळी_शाई:

९५ पोर्टलचाच आहे 😂 आमच्याच बिल्डिंगमधला खालचा फ्लॅट मागच्या दिवाळीत ८८ ला गेला, इंडेक्स टू काढून बघितलं. व्हॅल्युअरचा ईमेल आज टाकला. पाच मिनिटांत "ओके" आलं. इतक्या वर्षांत एवढ्या लवकर उत्तर पहिल्यांदा.

मोगरा_८८:

निळीताई तुझा धागा वाचून पोटात गोळा आला. माझं म्युच्युअल डिव्होर्सचं फर्स्ट मोशन (कोर्टातली पहिली पायरी) झालंय, सेकंडची तारीख पुढच्या महिन्यात. आमचा ठाण्याचा फ्लॅट पण दोघांच्या नावावर, लोन नाही, फिटलंय. तो माझ्या नावावर करायला तयार आहे, पैसे पण मागत नाहीये, पण आमचे वकील म्हणतात आधी डिक्री होऊ दे मग निवांत करू. थांबू का?

अॅड_घाटपांढरी:

थांबू नका! आज तुम्ही कायद्याने नवराबायको आहात. राहतं घर नवऱ्याने बायकोला बक्षीसपत्राने दिलं तर महाराष्ट्रात मुद्रांक २०० रुपये आहे (शहरात वर स्थानिक अधिभार लागतो का ते निबंधकाकडे विचारा). डिक्रीच्या दुसऱ्या दिवशी तेच बक्षीसपत्र परक्या माणसाने केल्यासारखं होतं, मग बाजारभावावर टक्क्यांनी स्टँप भरा आणि वर तुमच्या इन्कम टॅक्सचा प्रश्न वेगळा. निवांत करू म्हणण्याची किंमत ठाण्याच्या फ्लॅटला काही लाखांत जाते.

फक्त बक्षीसपत्र म्हणजे विनामोबदला. त्यात "पोटगीच्या बदल्यात" असा शब्द घुसवू नका, मग ते बक्षीस राहत नाही. दोन साक्षीदार, तुम्ही स्वीकारलं असं वाक्य, आणि रजिस्ट्रेशन. सोसायटीत नाव बदलायला नंतर गेलात तरी चालेल. कन्सेंट टर्म्समध्ये मग एवढंच येऊ द्या की अमुक क्रमांकाच्या नोंदणीकृत दस्ताने सदनिका पत्नीच्या नावे झालेली असून पतीचा त्यावर कोणताही हक्क उरलेला नाही.

मोगरा_८८:

सोमवारी वकिलांना फोन करते. आणि लोन फिटल्यावर बँकेकडून आलेले ओरिजिनल कागद त्याच्या आईच्या कपाटात आहेत, ते आधी मागून घेते.

सेक्रेटरी_तात्या:

शेअर सर्टिफिकेट पण त्यातच असेल, बघून घ्या. लोकांना ते साधं कागद वाटतं.